फैलाकाचा राखणदार

माणसाने देवभोळं असावं, पण त्यालाही काही धरबंध असावा की नाही? आमच्या ह्यांना तो नव्हता.

फैलाका म्हणून कुवेतचं एक बेट आहे, शहरातून बोटीने जायचं. तिथल्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते. हे माझ्या मागून आले, माझ्या नोकरीच्या आधारावर व्हिसा काढून. कुडाळकडे आमच्या गावात लोक पाठीमागे म्हणायचे, 'हरिश्चंद्र बायलेचो पदर धरून कुवेताक गेलो.' ते ह्यांच्या कानावर आलं होतं. बोलून दाखवत नव्हते, पण पहिलं वर्षभर घरात नुसत्या येरझाऱ्या घालायचे. मी ड्युटीवरून आले की भात तयार आणि ह्यांचं तोंड एवढंसं.

मग बेटाच्या मधोमध, जिथे कुत्रंसुद्धा फिरकत नाही, तिथे फ्रेंच लोकांनी खणायला घेतलं आणि वाळूखालून एक जुना मठ निघाला. हे गावी गवंडीकाम करायचे. तिथल्या फ्रेंच मॅडमने ह्यांना ठेवून घेतलं. हिवाळ्यात खणायचं, उन्हाळ्यात जागा राखायची. तिला 'ह' म्हणता येत नव्हता, ती 'आरी, आरी' अशी हाक मारायची. नाव अर्धं राहिलं, पण हे ताठ चालायला लागले. कुवेतमध्ये स्वतःच्या हिमतीवर मिळवलेली ती ह्यांची पहिली नोकरी होती.

जेवायला बसलं की मठ सुरू. हजार वर्षांच्याही पूर्वी तिथे ख्रिस्ती साधू राहायचे. मधे त्यांचं देऊळ, म्हणजे चर्च, आणि भोवती दूरदूर एकेकाचं मातीचं घर, प्रत्येकाला आपापलं अंगण. मासे खायचे, खजूर खायचे, प्रार्थना करायचे. मी म्हणायचे, बायको नाही, पोरं नाहीत, वर चहूबाजूंनी समुद्र, त्यांना प्रार्थना कशाला लागत होती? हे रागवायचे. मग सांगायचे की त्या साधूंना कोणी मारलं असं दिसत नाही, मठ जाळल्याची खूण नाही. मॅडमचा अंदाज होता की ते आपण होऊन उठून गेले. दारं-खिडक्यांची लाकडंसुद्धा बरोबर नेली असतील. 'आणि खय गेले?' मी विचारायची. 'ताच तर कोणाक म्हायत नाय,' हे म्हणायचे, आणि घास तसाच हातात.

हंगाम संपला की खणलेलं सगळं परत बुजवायचं, ही त्या लोकांची रीत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. पोराला न्हाऊमाखू घालायचं आणि परत मातीत बसवायचं, तशातली गत. पण त्याला कारण होतं. चर्चच्या भिंतीवर चुन्याच्या गिलाव्यात कोरलेला एक मोठा क्रूस निघाला होता. तो उघडा राहिला तर वाऱ्याने आणि खाऱ्या हवेने त्याचं पीठ झालं असतं. म्हणून आधी जाड कापड, मग चाळणीने चाळलेली मऊ वाळू, मग वर जाडीभरडी वाळू. ते काम मॅडम दुसऱ्या कोणाला करू द्यायची नाही. आरीच पाहिजे.

इथपर्यंत सगळं ठीक. पण आमचा पडला कोकणातला माणूस. जागा म्हटली की तिला राखणदार, म्हणजे ती सांभाळणारा देव, आला, आणि राखणदार म्हटला की त्याला नारळ आला. ह्यांनी समुद्रावरून एक उभट दगड आणला, त्याला शेंदूर फासला आणि बुजवलेल्या चर्चच्या कडेला रोवला. दर अमावास्येला तिथे नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. बेटावर धनगरांच्या शेळ्या फिरायच्या, त्यांनी नारळाला तोंड लावू नये म्हणून तो वाळूत पुरून यायचे. नारळ शहरातल्या अब्बासिया वस्तीतून माझी मैत्रीण पद्मजा पाठवायची. तिला वाटायचं आम्ही सोलकढी करतो.

"अहो, तो साधूंचो मठ. तेंका तुमचो नारळ कशाक?" मी म्हणायची.

"साधू गेले. जागो हयच आसा," हे म्हणायचे. "तू चल गो एकदा. गाऱ्हाण्याक एकटो माणूस चलणा नाय. मागे कोणी 'होय महाराजा' म्हणूक व्हया."

ते खरं होतं. आमच्याकडे गाऱ्हाणं एकाने घालायचं आणि मागच्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं, तेव्हा ते देवाला पोचतं. हे तिथे एकटेच दोन्ही म्हणायचे. मी कधी गेले नाही. मला दवाखाना होता, आणि खरं सांगायचं तर लाज वाटायची.

नव्वद सालच्या ऑगस्टात इराकी फौज आली आणि बेटावर गोळीबार झाला. आमचा डॉक्टर रजेवर गेला होता तो गेलाच. दवाखान्यात मी एकटी उरले. सुरुवातीला जखमी आले, मग उन्हाने आजारी पडलेले, मग जुलाबाचे. सगळे इराकी शिपाईच. आपल्या हाताखाली आलं ते माणूस, असं आम्हाला शिकवलेलं, पण हात चालायचे आणि कान दाराकडे असायचे. हे घरी बसतात का, तर नाही. सकाळ झाली की मठ. मी सांगून दमले.

त्या शिपायांमध्ये योनान म्हणून एक ड्रायव्हर होता. चांगला पन्नाशीला आलेला, राखाडी मिशांचा, राखीव फौजेतून ओढून आणलेला. बुटाने घोट्याला जखम झाली होती आणि साखरेमुळे ती भरत नव्हती. रोज पट्टी करायला यायचा. मला 'उख्ती' म्हणायचा, म्हणजे ताई. मोसुलकडच्या एका खेड्यात त्याचं घर होतं, द्राक्षांचा मांडव होता. मी लाल औषध लावायला घेतलं की डोळे मिटून घ्यायचा, एवढा मोठा माणूस.

मग एक दिवस सकाळी गाडी भोंगा लावून फिरली. बेट रिकामं करायचं. सगळ्यांनी धक्क्यावर यायचं, दुपारी बोट सुटणार, त्यानंतर जो बेटावर दिसेल त्याला शत्रू समजण्यात येईल. आणि हे घरात नव्हते. घरातला शेवटचा नारळ पण नव्हता. राखणदाराला सांगितल्याशिवाय कसं जायचं, नाही का.

मी सामान बांधायला घेतलं. एक पिशवी भरली, परत उपसली, परत भरली. दारापर्यंत गेले, आत आले. शेजारचे निघाले. चूल विझवली की नाही ते तीन वेळा बघितलं, आणि चूल मुळात पेटवलीच नव्हती. आता येतील, आता येतील. मग लंगडत योनान आला.

"उख्ती, तुझा नवरा आमच्या मुलाझिमने धरलाय," तो म्हणाला. मुलाझिम म्हणजे त्यांचा लेफ्टनंट. "तिकडे मधल्या टेकाडावर. तो म्हणतो, हा हिंदी माणूस तिथे बंदुका पुरतो. दुर्बिणीतून बघितलंय. तू चल, तुला अरबी येते."

मी पायात चप्पल आहे की नाही तेही बघितलं नाही. पिशवी तेवढी उचलली आणि त्याच्या गाडीत बसले. वाटेत सगळे लोक धक्क्याकडे चालले होते, डोक्यावर गाद्या, काखेत पोरं, आणि आमची गाडी तेवढी उलट्या दिशेला.

टेकाडावर हे उन्हात उकिडवे बसले होते, दोन्ही हात डोक्यावर. शेंदराचा दगड लाथेने उडवून दिलेला. बाजूला वाळूतून काढलेले नारळ ओळीने मांडलेले, काही ताजे, काही कुजलेले. मुलाझिम तरणाताठा होता आणि त्याची झोप झालेली दिसत नव्हती. त्याच्या दृष्टीने त्या नारळांचा अर्थ उघड होता. कोणी शहाणा माणूस वाळवंटात, पुन्हा पुन्हा एकाच जागी, लाल दगडाखाली, फळं पुरून ठेवतो का? ही खूण. खाली हत्यारं. वाळूही बाजूच्यापेक्षा मोकळी, म्हणजे हल्लीच खणून बुजवलेली. त्याचं काय चुकलं? मी त्याच्या जागी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

"हे देवाचं आहे," मी म्हटलं.

"कुठल्या देवाचं?"

आता काय सांगू? खाली ख्रिस्ती साधू, वर कोकणातला राखणदार, बेट मुसलमानांचं. जे सुचलं ते सांगितलं. तो ऐकून घेतो आहे असं वाटलं, पण तो घड्याळ बघत होता.

"खाली जुनं घर आहे म्हणतेस, तर दाखव. त्याला सांग खणायला. नाहीतर मी यंत्र आणून सगळंच उलथतो, आणि तो इथेच राहील."

मी ह्यांच्याकडे वळले. "ऐकलात मां? खणा. दाखवा आणि चला. बोट सुटता."

"हय नको," हे म्हणाले. मान खालीच. "खय पण खणूक सांग, हय नको. खाली क्रूस आसा. मॅडमक मी शबूद दिलंय. ह्या उघडा पडला तर वाऱ्यान पीठ होतला गो."

"आणि तुमी पडलात तर?"

हात डोक्यावर तसेच, आणि चेहरा असा की मी ओळखला. सासूबाई सांगायच्या, लहानपणी हा एकदा रुसून फणसाच्या झाडावर बसला तो दुसऱ्या दिवशी उतरला. माझ्या तोंडाला फेस आला. मी काय नाही बोलले. तुमच्या मठाला आग लागो म्हटलं, तुमच्या मॅडमला समुद्रात बुडवा म्हटलं. ती तिकडे फ्रान्समध्ये पाव खात असेल आणि इथे माझं कुंकू पुसायची वेळ आली, एवढं पण म्हटलं. हे ढिम्म. शिपाई आमच्याकडे बघत होते, भाषा कळत नसली तरी नवरा-बायकोचं भांडण कुठेही कळतं.

धक्क्यावरून बोटीचा भोंगा ऐकू आला. पहिला.

मग मी एका शिपायाच्या हातातलं फावडं ओढून घेतलं आणि घातलं वाळूत. कुठे घालायचं मला काय माहीत. जिथे पाय होता तिथे घातलं. एक, दोन, जोरात, सगळा राग काढून. वाळू उडत होती, तोंडात जात होती. चौथ्या-पाचव्या घावाला खाली कसल्याशा कठीण गोष्टीवर पातं खणकन आपटलं.

हे ताडकन उठले. बंदुकीची नळी वळली तिकडे ह्यांचं लक्षही नव्हतं.

"थांब," म्हणाले. "फावडा नको. सरक थयसून. हातान काढूचा लागता."

माझ्या हातची भाकरीसुद्धा वाकडी झाली की ह्यांना बघवत नाही, उठून स्वतः थापतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढं मला ठाऊक होतं. मी फावडं टाकून बाजूला झाले आणि हे गुडघ्यावर बसले. दोन्ही ओंजळींनी वाळू काढायला लागले. आधी जाडी, मग चाळलेली मऊ. माझ्या फावड्याने भिंतीच्या कडेचा टवका उडाला होता, त्यावर ह्यांनी अंगठा फिरवला. मग कापड आलं. ते ह्यांनी तान्ह्या पोरावरचं पांघरूण काढावं तसं काढलं.

पांढऱ्या चुन्यात तो क्रूस होता. चारी टोकं रुंद होत गेलेली, खाली दोन बाजूंना पानं. मी पहिल्यांदाच बघत होते. एवढे दिवस जेवणाच्या ताटावर ज्याने माझं डोकं उठवलं, तो हा. मला रडू आलं, ते त्याच्यासाठी की बोटीसाठी, कोण जाणे.

मग योनान लंगडत पुढे आला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, खाली बसला, आणि त्या पानांवरून बोट फिरवलं. कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावला आणि काहीतरी पुटपुटला. ती भाषा अरबी नव्हती.

"तुला हे काय ते माहीत आहे?" मुलाझिमने विचारलं.

"आमच्या गावच्या देवळाच्या दारावर हेच आहे, साहेब. अगदी हेच," योनान म्हणाला. "हा दैर आहे. मठ. आमच्याच लोकांचा." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "माझी आजी सांगायची, आमचे साधू होड्यांतून दक्षिणेला गेले आणि परत आले नाहीत. आम्हाला ती गोष्ट वाटायची."

मुलाझिम विरघळला वगैरे काही नाही. बंदुका नाहीत म्हटल्यावर त्याचा त्यातला रस संपला. उलट भिंत बघून म्हणाला, आडोसा बरा आहे, पलीकडच्या बाजूला तोफेचा खड्डा घ्या. आणि आम्हाला हात केला, जा. ह्यांनी त्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. थोडा वेळ द्या, मी बुजवतो, मग जातो. बोटीचा दुसरा भोंगा झाला. योनानने ह्यांना काखेत धरून गाडीत घातलं.

"मी बुजवतो," तो म्हणाला.

हे वाटभर त्याला मोडक्या अरबीत सांगत होते. आधी कापड. मग बारीक वाळू. बारीक, चाळून. मग जाडी. दगड जागेवर. तो मान हलवत होता. गाडी हाकणारा माणूस मान हलवतोच. धक्क्यावर उतरताना मी पिशवीतली लाल औषधाची बाटली आणि उरलेली पट्टी त्याच्या हातात कोंबली. दवाखान्यातलं बाकी सगळं शिपायांनी आधीच उचललं होतं, एवढीच मी लपवून ठेवली होती. "रोज लाव," मी म्हटलं. "साखर आहे तुला. हयगय केलीस तर पाय जाईल." बाटली खिशात घालून तो म्हणाला, "लावतो, उख्ती." आम्ही चढलो आणि बोट सुटली.

हे जिवंत माझ्या शेजारी बसले होते. मला तेवढं पुरे होतं. ह्यांना नव्हतं. बोटीत पाठीमागे बघत बसले. अब्बासियात पद्मजाच्या घरी दहा-बाराजण दाटीवाटीने होतो, तिथे तोंडातून अक्षर नाही. मायदेशी यायला बसने बसरा, बगदाद, मग अम्मानच्या बाहेर तंबूत, पाण्याच्या रांगेत, तिथेही नाही. विमान मुंबईला टेकलं, लोक टाळ्या वाजवत होते, आणि हे म्हणाले, "उघडा ठेवन इलंय." गावी तर वैताग आला. सगळं गाव लढाईच्या गोष्टी ऐकायला यायचं आणि हे उठून मागच्या परड्यात जाऊन येरझाऱ्या घालायचे. वारा सुटला की जास्त. एकदा मी भांडले, म्हटलं मी खणलं ते चुकलं का? तर म्हणाले, "नाय. माझो जीव रवलो तो तुझ्यामुळे." आणि परत उठून गेले. असल्या उत्तराचं करायचं काय?

लढाई संपली. एक्याण्णवच्या पावसाळ्यानंतर मला परत बोलावणं आलं, शहरातल्या एका इस्पितळात. फैलाकावर लोकांना राहायला परवानगी नव्हती, सुरुंग पेरलेले होते. तरी थंडीत पुराणवस्तू खात्याची माणसं पाहणीला निघाली आणि त्यांनी ह्यांना जागा दाखवायला बोलावलं. मी रजा टाकली. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण ह्या वेळी मी ह्यांना एकटं सोडणार नव्हते. शिवाय जाताना अब्बासियातल्या दुकानातून एक नारळ घेतला. मीच घेतला. हे बघत राहिले.

सुरुंग काढलेल्या वाटेला दोन्ही बाजूंनी पांढरी फीत लावली होती, तिच्या मधून चालायचं. दवाखान्याला छप्पर नव्हतं. माझ्या खोलीच्या भिंतीवर गोळ्यांची भोकं होती. मी बघितलं आणि पुढे गेले. हे माझ्या पुढे, जवळजवळ धावत, मागून शिपाई ओरडतोय की सावकाश. टेकाडाच्या पलीकडच्या अंगाला तोफेचा खड्डा खरंच घेतला होता, आणि तिकडची भिंत गेली होती. साफ गेली होती. ह्यांचे पाय तिथेच थांबले.

मी अलीकडे बघत होते. "अहो," मी म्हटलं. "हय बघा."

अलीकडची बाजू बुजवलेली होती. नीट, सपाट. कडेला दगड उभा होता, ज्या जागी होता त्याच जागी. हे खाली बसले आणि एका कोपऱ्यातली वाळू हाताने सारली. जाडी. खाली मऊ. इतकी मऊ की बोटांतून ओघळली. योनानने ती कशाने चाळली असेल? खाली कापडाची किनार लागली. ह्यांनी ती उचलली नाही. नुसता तिच्यावर हात ठेवून बसले.

मी दगडाकडे बघत होते. वरचा रंग उन्हाने उडाला होता, म्हणून बुंध्याची वाळू थोडी बाजूला केली. तिथे तो लाल होता. पण शेंदराचा नव्हे. कडेला हिरवट चकाकी होती. शेंदराला अशी चकाकी नसते. मी आयुष्यभर लोकांच्या जखमांना जे लावत आले ते मला ओळखू येणार नाही? दगडाच्या मागे बाटली होती, वाळूत उपडी रोवलेली. झाकण घट्ट लावलेलं. आत काही नव्हतं. सगळी त्याने दगडाला लावली होती.

"गाढवा," मी म्हटलं. "पायाला लावायला दिली होती."

हे काय झालं म्हणून माझ्याकडे बघायला लागले. मी बाटली दाखवली. ह्यांनी माझ्या हातातला नारळ घेतला, दगडाशी ठेवला, हात जोडले आणि उभे राहिले. खात्याची माणसं, शिपाई, सगळे बघत होते. मला त्या वेळी कोणाची लाज वाटली नाही.

"बा देवा महाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा," ह्यांनी सुरुवात केली, आणि सवयीने स्वतःच उत्तर द्यायला थांबले.

"होय महाराजा," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "आज तुझी लेकरा परत तुझ्या पायाकडे इली, ती गोड मानून घे रे महाराजा."

"होय महाराजा."

"आणि योनान नावाचो एक माणूस, पायान लंगडो, जय असात थय तेका सांभाळ, आणि तेच्या घराक, तेच्या द्राक्षांच्या मांडवाखाली सुखरूप पोचव रे महाराजा."

मी डोळे पुसले नाहीत. मोठ्याने म्हटलं, सगळ्या बेटाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"होय महाराजा."